कृत्रिम घरटे: कोणासाठी, कसे आणि कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दरवर्षी २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाच्या सुमारास मुंबईत शाळा आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत कृत्रिम घरटी वाटली जातात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत त्यांचाच विषय अधिक असतो. घरटे लावले पण कोणी आले नाही, आले तर नको तेच पाखरू आले, किंवा घरटे अजून कपाटावरच पडून आहे, अशा तीन प्रकारांत ही पत्रे साधारणपणे मोडतात. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: आमचे विलेपार्ल्याला जुने बैठे घर असून भोवती छोटेसे अंगण आहे. अंगणात आंबा, शेवगा आणि जास्वंदीची झाडे आहेत. पक्ष्यांसाठी एखादे घरटे आणून लावावे असे मनात आहे, परंतु दुकानात इतके प्रकार दिसतात की, कोणता घ्यावा ते कळत नाही. ते अंगणात नेमके कुठे लावावे?

उत्तर: घरटे निवडण्याआधी पाहुणा निवडावा लागतो आणि तो निवडण्याचे काम दुकानात नव्हे, अंगणातच होते. आठ-दहा दिवस सकाळी चहाच्या वेळी कोणते पक्षी येतात एवढे पाहून ठेवावे. आपल्याकडे बुलबुल, शिंपी, शिंजीर आणि होला हमखास दिसतील, पण यांपैकी कोणीही पेटीत राहायला येणार नाही. बुलबुल झुडपात वाटीसारखे घरटे बांधतो, शिंपी पाने शिवून त्यात संसार थाटतो, शिंजिराचे घरटे फांदीच्या टोकाला लोंबते आणि होल्याला चार काड्यांची उघडी बैठक पुरते. त्यांच्यासाठी जास्वंद दाट वाढू देणे हीच सोय होय. पेटी उपयोगी पडते ती झाडांच्या ढोलीत किंवा भिंतीच्या खबदाडात घरटे करणाऱ्यांना, म्हणजे चिमणी, दयाळ, साळुंकी, पोपट आणि पिंगळा यांना. यांपैकी साळुंकी आणि पोपट आपापली सोय बघण्यास समर्थ आहेत. पार्ल्याच्या अंगणासाठी खरे उमेदवार दोनच: चिमणी आणि दयाळ.

चिमणीच्या पेटीत सर्वांत महत्त्वाचे माप प्रवेशाच्या भोकाचे. ते सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर, असावे. एवढ्या भोकातून चिमणी सहज आत-बाहेर करते, मात्र साळुंकीचे अंग त्यातून जात नाही. दुकानातल्या अनेक पेट्यांचे भोक दिसायला बरे दिसावे म्हणून दोन-अडीच इंचांचे ठेवलेले असते, आणि मग चिमणीसाठी आणलेल्या घरात साळुंकी राहते किंवा कावळा चोच घालून पिले ओढून नेतो. पेटीचा तळ पाच इंच लांब-रुंद, आतली उंची नऊ-दहा इंच आणि भोक तळापासून साधारण सहा इंचांवर असावे. खोली पुरेशी असली की वरून चोच घालणाऱ्याला पिलांपर्यंत पोहोचता येत नाही. भोकाखाली बसायला दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, तिचा उपयोग होतो तो कावळ्यालाच. दिवाणखान्यात शोभतील अशा, चकचकीत रंगाच्या आणि दांडी लावलेल्या पेट्या दिवाणखान्यातच शोभू द्याव्यात.

दयाळासाठी भोक सव्वादोन इंचांच्या आसपास लागते, आणि त्यातून साळुंकीही शिरू शकते, ही अडचण आधीच पत्करावी लागते. दयाळ आपल्या हद्दीबाबत अतिशय हट्टी असतो. मार्चपासून पावसापर्यंत नर उंच जागी बसून गातो तो मुख्यत्वे ही हद्द राखण्यासाठीच. म्हणून एका अंगणात दयाळाची एकच पेटी लावावी. चिमण्यांचे नेमके उलट आहे. त्यांना शेजार लागतो, त्यामुळे त्यांच्यासाठी एकच पेटी लावून वाट पाहण्यापेक्षा दोन-तीन पेट्या हात-दोन हात अंतराने लावणे अधिक फलदायी ठरते.

पेटी विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या सुताराकडून करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. त्यात खर्च फारसा वाढत नाही आणि मापे आपल्या हाती राहतात. फळी पाऊण इंच जाडीची असावी, कारण पातळ फळीची पेटी एप्रिलच्या उन्हात आतून तापते. साध्या प्लायवुडचे थर पहिल्याच पावसाळ्यात सुटू लागतात, तेव्हा ते टाळावे. पत्रा आणि प्लास्टिक यांचा तर विचारही नको. सुताराला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात, कारण त्या त्याच्या सवयीच्या विरुद्ध आहेत. एक म्हणजे, पुढच्या फळीला आतल्या बाजूने रंधा मारायचा नाही, कारण त्या खडबडीत लाकडावर नखे रोवूनच पिले भोकापर्यंत चढतात. दुसरे म्हणजे, आतून पॉलिश, रंग, काहीही लावायचे नाही. बाहेरून बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, एक हात दिला तर चालेल, मात्र त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघड्यावर राहू द्यावी. तळाला चार कोपऱ्यांत दोन-दोन सुताची, म्हणजे पाव इंचाची, भोके पाणी निथळण्यासाठी, छपराच्या लगेच खाली बाजूच्या फळ्यांना दोन-तीन भोके हवा खेळण्यासाठी, आणि एक बाजू बिजागरीवर उघडणारी, एवढे केले म्हणजे पेटी झाली. मुंबईच्या खाऱ्या हवेत साधे खिळे गंजतात, म्हणून स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या वापराव्यात.

आता जागेविषयी. थंड प्रदेशांतील माहिती वाचून आपल्याकडे पेटी लावणाऱ्यांचे चुकते ते येथेच, कारण तेथे विचार असतो थंडी-वाऱ्याचा आणि मुंबईत विचार करावा लागतो पावसाचा आणि दुपारच्या उन्हाचा. शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तो सरळ न पडता पश्चिम-नैर्ऋत्येकडून तिरपा येतो. दुपारनंतरचे ऊनही पश्चिमेकडूनच येते. त्यामुळे भोकाचे तोंड पूर्वेला, ईशान्येला किंवा उत्तरेला असावे, छप्पर पुढे निदान तीन इंच आलेले असावे आणि पेटी किंचित पुढे कललेली असावी. आपल्या घराच्या पूर्वेकडील भिंतीला, पागोळीच्या आत, आठ ते बारा फूट उंचीवर चिमण्यांच्या पेट्या लावणे सर्वांत उत्तम. दयाळाची पेटी आंब्याच्या खोडावर दहा-बारा फुटांवर, पानांची सावली राहील पण भोकासमोर फांदी आडवी येणार नाही, अशी लावावी. जवळच्या फांदीवरून मांजर उडी मारू शकेल अशी जागा टाळावी.

झाडाला खिळा ठोकू नये. खिळ्याच्या जखमेतून झाडाला बुरशी आणि कीड लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा किंवा रुंद पट्ट्याचा वेढा खोडाभोवती घालून पेटी बांधावी आणि खोड वाढते म्हणून तो वेढा वर्षातून एकदा सैल करावा. काथ्याची बारीक दोरी खोडात रुतते, ती नको.

प्रश्न: आम्ही गिरगावात चाळीत राहतो. पूर्वी आमच्या घरात तसबिरीमागे चिमण्या घरटे करीत, आता गॅलरीत कधीतरी दिसतात. एका कार्यक्रमात पुठ्ठ्याचे घरटे मिळाले आहे. ते गॅलरीत टांगले तर चालेल का?

उत्तर: चिमण्या अजून दिसतात, ही अर्धी लढाई जिंकल्यासारखे आहे, कारण चिमणी आपल्या जन्मस्थानापासून फार लांब जाऊन बिऱ्हाड करीत नाही. ज्या वस्तीत चिमण्या उरलेल्याच नाहीत तेथे पेटी लावून त्या दूरवरून येतील ही अपेक्षा बहुधा फोल ठरते, परंतु आपल्याकडे तशी परिस्थिती नाही. चाळीतल्या तसबिरी, कौलांच्या फटी, वाशांमधल्या मोकळ्या जागा आणि विजेच्या मीटरच्या पेट्यांमागची खबदाडे हीच चिमण्यांची घरे होती. दुरुस्तीत फटी बुजल्या, तसबिरी भिंतीला सपाट बसू लागल्या, आणि पुनर्विकासानंतर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या गुळगुळीत भिंतींत काडी अडकायलाही जागा राहिली नाही.

पुठ्ठ्याचे घरटे पावसाची झड येत नसेल अशा ठिकाणी एखादा हंगाम टिकेल. जूनमध्ये गॅलरीत पाणी येत असेल, तर ते पहिल्याच आठवड्यात मऊ पडून तळातून उघडेल आणि त्यात पिले असतील तर ती खाली येतील. ते टांगूही नये. वाऱ्याने हेलकावे खाणाऱ्या पेटीत चिमणी सहसा अंडी घालीत नाही. त्याऐवजी लाकडी पेटी गॅलरीच्या तुळईला, छताच्या जितक्या जवळ बसवता येईल तितकी वर, घट्ट स्क्रूने बसवावी. मातीचे छोटे मडके आडवे ठेवून, तोंडाला सव्वा इंची भोकाची लाकडी चकती घट्ट बसवली, तर तेही उत्तम घर होते. मातीचे भांडे उन्हाळ्यात थंड राहते हा त्याचा मोठाच गुण होय. बुडाला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके पाडण्यास मात्र विसरू नये.

चाळीत दोन धोके मुख्य असतात. पहिला उंदीर-घुशींचा: कपडे वाळत घालण्याची दोरी किंवा केबल पेटीला टेकलेली असेल तर तीच त्यांची वाट होते, म्हणून आजूबाजूला हातभर जागा मोकळी असावी. दुसरा धोका पंख्याचा. चिमण्या पेटीपाशी येऊ-जाऊ लागल्या की त्या दारातून खोलीतही डोकावतात आणि फिरत्या पंख्याला धडकून मरतात. पेटी दाराच्या थेट वर न लावता गॅलरीच्या टोकाला लावली म्हणजे हे बरेच टळते.

प्रश्न: मुलुंडला आमच्या इमारतीत नवव्या मजल्यावर मी बाल्कनीत लाकडी घरटे लावले आणि बाजूला दाण्यांची ताटली ठेवली. आता तेथे फक्त कबुतरे असतात. घरटे काढून टाकावे का?

उत्तर: घरटे राहू द्या, ताटली काढा. आपण लावलेले घरटे पुढून उघडे असेल, तर कबुतराला ते कड्यातल्या कपारीसारखे वाटते. सव्वा इंची भोकाच्या बंद पेटीत कबूतर शिरूच शकत नाही. पेटीचे छप्पर सपाट असेल, तर त्यावर ते बैठक मात्र मारते, म्हणून छपराला बराच उतार द्यावा. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेल्याने काही जणांना फुप्फुसांचा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा आजार होतो. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये झालेल्या वादामुळे ही गोष्ट आता मुंबईत बहुतेकांच्या कानावर आहे. बाल्कनीत दमेकरी किंवा लहान मूल बसत असेल, तर याचा विशेष विचार करावा. जमलेली विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी मारून ओली करावी आणि नाकातोंडाला मास्क लावून काढावी.

नवव्या मजल्यावर चिमणी येईल का, याचे उत्तर मात्र प्रोत्साहनपर देता येत नाही. चिमणी जमिनीलगत दाणे-किडे टिपणारी आणि झुडपांत आसरा घेणारी असल्यामुळे तिचा जीव खालच्या मजल्यांवर अधिक रमतो. गृहनिर्माण संस्थेची परवानगी घेऊन पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, छज्जाखाली दोन पेट्या लावता आल्या तर यशाची शक्यता कितीतरी वाढेल.

प्रश्न: भांडुपला आमच्या अंगणात लावलेल्या पेटीत बराच काळ लोटूनही कोणी आले नाही. आम्ही आत कापूस आणि तांदूळही ठेवले. काय चुकले असावे?

उत्तर: प्रथम कापूस आणि तांदूळ काढून टाकावेत. कापसाचे तंतू पिलांच्या पायांत अडकतात आणि भिजलेला कापूस वाळत नाही. तांदळाच्या वासाने मुंग्या आणि उंदीर येतात. घर सजवून दिलेले चिमणीला चालत नाही, गवताच्या काड्या, पिसे, सुतळीचे तुकडे ती स्वतः आणते. आपण फार तर अंगणाच्या एका कोपऱ्यात वाळके गवत झाडून न टाकता राहू द्यावे.

त्यानंतर जागा तपासावी. एप्रिलच्या दुपारी तीन वाजता पेटीवर हात ठेवून पाहावा. हाताला चटका बसत असेल, तर आत पिले जगणार नाहीत आणि पक्ष्यालाही ते कळते. पेटी एकदा लावल्यावर दर आठवड्याला हलवून पाहण्याने काही साधत नाही, पण पूर्ण हंगाम रिकामा गेला असेल तर पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ती दुसऱ्या बाजूला हलवावी. वीण हंगामाच्या आधी काही महिने पेटी जागेवर असली म्हणजे पक्षी तिला सरावतात.

याहून खोल कारण अन्नाचे असते आणि त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. मोठी चिमणी धान्य खाते, म्हणून आपण दाणे टाकतो, परंतु पिलांना सुरुवातीचे दिवस मऊ अळ्या आणि किडेच भरवावे लागतात. अंगणात जास्वंदीवर मावा दिसला की औषध फवारायचे, गवत मुळासकट काढून फरशी घालायची, आणि चिमणीसाठी पेटी लावायची, यात विसंगती आहे. फवारणी थांबवावी, अडुळसा, कढीपत्ता, तगर, मेंदी यांसारखी झुडपे दाटीने वाढू द्यावीत, धूळ-अंघोळीसाठी हातभर जागा कोरड्या मातीची ठेवावी आणि उथळ थाळीत रोज पाणी बदलावे. पेटीचा क्रमांक या सगळ्यानंतरचा आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न: बोरिवलीला आमच्या आवारात गुलमोहराची एक वाळकी फांदी आहे. तिच्यात तांबट पक्ष्याने भोके केली आहेत. पावसाळ्यापूर्वी फांदी तोडावी असे संस्थेचे मत आहे. त्याऐवजी तांबटासाठी कृत्रिम घरटे लावले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. मुंबईचा नगरपक्षी म्हणून ओळखला जाणारा तांबट आपली ढोली स्वतः चोचीने कोरतो. त्याला त्यासाठी वाळलेले मऊ लाकूड लागते आणि गुलमोहर किंवा शेवगा यांच्या मेलेल्या फांद्या त्याला फार मानवतात. त्याची ढोली एकदा खालून नीट पाहावी. आडव्या फांदीत भोक बहुधा खालच्या अंगाला असते, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही. आपण पेटीला पुढे आलेले छप्पर लावून जे साधतो, ते त्याने फांदीची बाजू निवडूनच साधलेले असते. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे चिमणी किंवा दयाळ बिऱ्हाड करतो, त्यामुळे एका वाळक्या फांदीवर दोन-तीन जातींचा निभाव लागतो.

फांदी खरोखर रस्त्यावर किंवा गाड्यांवर पडण्याजोगी आहे का, हे आधी ठरवावे. झाडांविषयीच्या १९७५ च्या राज्य कायद्यानुसार तोडणी-छाटणीसाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि संस्थेच्या सभेत ठराव झाला म्हणून ती मिळाली असे होत नाही. तांबटाची वीण मुख्यत्वे जानेवारीपासून मे-जूनपर्यंत चालते, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा काळ आणि पिले ढोलीत असण्याचा काळ हे एकमेकांवर येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना इजा पोहोचवणे शिकारीच्या व्याख्येतच बसवले आहे, हेही संस्थेच्या कार्यकारिणीला नम्रपणे दाखवून द्यावे. शक्य असल्यास धोकादायक टोक तेवढे उतरवून ढोलीचा खुंट राखावा. ढोली रिकामी झाल्यावर तो भाग काढावाच लागला, तर ओंडका फेकून न देता त्याच झाडाच्या भक्कम खोडाला पट्ट्याने बांधून ठेवावा. बाजारातल्या कोणत्याही पेटीपेक्षा ते घर सरस ठरेल.

प्रश्न: पेटीखाली जमिनीवर पिलू सापडले, तर ते घरात आणून वाढवावे का? माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते, असे म्हणतात. (चेंबूर)

उत्तर: हा समज खरा नाही. पिलाला पूर्ण पिसे आली असतील आणि ते टुणटुण उड्या मारीत असेल, तर ते उडायला शिकत आहे. त्याला उचलून जवळच्या झुडपात, मांजराच्या पल्ल्याबाहेर ठेवावे आणि दूर व्हावे, आई-बाप त्याला भरवत राहतात. पिसे नसलेले उघडे पिलू मात्र अलगद पुन्हा पेटीत ठेवावे. जखमी पक्ष्यासाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. दूध किंवा पाणी चोचीत ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पिलू दगावते.

प्रश्न: पेटी साफ कधी आणि कशी करावी? (दादर)

उत्तर: चिमणी अकरा ते चौदा दिवस अंडी उबवते आणि पिले साधारण दोन आठवड्यांत बाहेर पडतात, परंतु तीच जोडी त्याच पेटीत लगेच पुन्हा अंडी घालू शकते. म्हणून पिले उडाली असे दिसताच पेटी उघडण्याची घाई करू नये. आठवडाभर ये-जा पूर्ण थांबली असेल तरच उघडावी. जुने घरटे काढून टाकावे, कारण त्यात बारीक रक्तशोषक किडे राहतात आणि पुढच्या पिलांना छळतात. कीटकनाशक वापरू नये. उकळते पाणी ओतून फळ्या घासाव्यात आणि पेटी कडक उन्हात पूर्ण वाळवावी. तोंडाला मास्क आणि हातांत मोजे असावेत. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या उन्हात, भोकाची कड तपासावी. खारीने ती कुरतडून मोठी केलेली असेल, तर सव्वा इंची भोकाची पत्र्याची चकती, कडा कानशीने घासून, बाहेरून बसवावी.